समुद्र चार मिनिटांवर

त्यांचं खरं नाव कचेरीच्या हजेरीपुस्तकाला ठाऊक असेल. बाकी सगळं जग त्यांना मिनिटकाका म्हणायचं, आणि ते त्या नावाला ओ द्यायचे. घरं बांधून विकणाऱ्या एका कंपनीत ते एकतीस वर्षं होते. कंपनीची कचेरी समुद्राकाठच्या उपनगरात, आणि काकांचं काम म्हणजे घर घ्यायला आलेल्या माणसांना परिसर दाखवायचा आणि माहितीपत्रकाचं शेवटचं पान लिहायचं. त्या पानाचं नाव ‘जवळपास’.

काका यायच्या आधी हे पान खुर्चीत बसून लिहिलं जाई. शाळा हाकेच्या अंतरावर, दवाखाना दोन पावलांवर, समुद्र तर अगदी दारात. उंटावरून शेळ्या हाकण्याचाच प्रकार. काका तेव्हा नवे, पोरसवदा कारकून. त्यांनी मोठ्या साहेबांना विचारलं, “साहेब, हाकेच्या अंतरावर म्हणजे हाक मारणार कोण? सगळ्यांचा आवाज सारखा नसतो.” मोठे साहेब तिरसट, पण माणूस ओळखणारे. म्हणाले, “एवढं कळतं तर जा, मोजून ये.” काका हातातल्या घड्याळाकडे बघत फाटकातून निघाले ते आयुष्यभर मोजतच राहिले.

मोजायची त्यांची एक पद्धत होती. इमारतीच्या फाटकात उभं राहायचं, सेकंदकाटा बारावर आला की नाकासमोर चालायला लागायचं, आणि शाळेच्या, बेकरीच्या, टपाल कचेरीच्या दाराला हात लागला की थांबायचं. सकाळी, दुपारी, संध्याकाळी असं तीनदा. तिन्हींत जे सगळ्यात जास्त भरेल तेच लिहायचं. सव्वासहा आले तर सात लिहायचे, सहा नाहीत. बाकीच्या कंपन्या समुद्र दारात आणून ठेवत होत्या तेव्हा काकांनी चार मिनिटं लिहिली, आणि लोक येऊन म्हणाले, चला, एक तरी माणूस खरं बोलतो. पुढे काकांचं मिनिट म्हणजे दगडावरची रेघ झाली.

आता एक गोष्ट सांगायची राहिली. काका उंच होते, शिडशिडीत होते, आणि त्यांच्या पायाला भिंगरी होती. त्यांच्याबरोबर चालणाऱ्याला अर्धं अंतर पळावं लागे. हे सगळ्यांना दिसत होतं, आणि कुणालाच, खुद्द काकांनाही, त्यात काही विचार करण्यासारखं वाटलं नव्हतं. एकदा एक बाई, दिवस भरत आलेल्या, मोठ्या मुलीला शाळेत पोचवून तरातरा कचेरीत आल्या आणि म्हणाल्या, “तुमच्या पुस्तकात शाळा सात मिनिटं आहे. मला सोळा लागली.” काका हसून म्हणाले, “घड्याळ पुढं असेल तुमचं.” कचेरी हसली. त्या बाईही हसल्या, पण बसल्या नाहीत, तशाच निघून गेल्या. काका ते विसरून गेले.

गिऱ्हाइकाला काका आधी घर कधीच दाखवत नसत. “घर काय, चार भिंती आणि एक मोरी. ते कुठंही सारखंच. आधी बघा, तुम्ही जगणार कुठं आहात,” असं म्हणून ते बसथांब्यापासून चालवायला सुरुवात करत. तीन मिनिटांवर बेकरी. तिथली दुसरी भट्टी साडेचारला निघते आणि तेव्हा रांगेत उभं राहावं, कारण रांगेतच शेजारी भेटतात. पाच मिनिटांवर वाचनालय. तिथल्या बाई मोठ्या कडक, पण कुणाचं पान अर्धवट राहिलं असेल तर दिवे मालवायला मुद्दाम उशीर करतात. मग शाळा, मैदान, औषधांचं दुकान, पोहण्याचा तलाव, जिथं सकाळी निवृत्त मंडळी पोहतात थोडं आणि बोलतात फार. नऊ मिनिटांवर दवाखाना. आणि सगळ्यात शेवटी ती अरुंद गल्ली, गल्लीच्या टोकाला पायऱ्या, पायऱ्यांवर बांध, आणि बांधावर पाय ठेवला की एकदम समुद्र.

बांधाच्या कडेला दगडी बाक होतं. गिऱ्हाइकाला तिथं बसवून काका म्हणायचे, “संध्याकाळी इथं येऊन बसायचं. वारा समोरून येतो, अंगावर काहीतरी घेऊन या.” एवढंच. त्यापुढे ते अवाक्षर बोलत नसत. नवरा-बायको एकमेकांकडे बघायचे, आणि अर्धी घरं त्या बाकावरच विकली जायची. काका स्वतः मात्र त्या बाकावर एकदाही बसले नाहीत. ते बाजूला उभे राहून घड्याळ बघत असत. त्यांना आत गावाकडे जाणारी बस गाठायची असे, आणि सहा-चाळीसची गेली की पुढची कधी येईल त्याचा नेम नव्हता.

काका राहायचे तिथून सव्वा तासावर. समुद्राचा वारासुद्धा पोचत नाही अशा गल्लीत, तळमजल्याच्या दोन खोल्यांत. बाहेरच्या खोलीला एक खिडकी, आणि खिडकीसमोर सायकल दुरुस्तीवाल्याची भिंत. शेकडो लोकांना समुद्राकाठी घरं देणारा माणूस भिंतीसमोर राहत होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

त्या खिडकीपाशी काकूंचं शिवणयंत्र होतं. काकू पडदे शिवायच्या. गल्लीत त्यांना पडदेवाल्या काकू म्हणत. काका घरी आले, हातपाय धुऊन चहा घेऊन टेकले, की काकू यंत्राचं चाक हाताने थांबवून म्हणत, “हं. आज कुठं नेलंत?” आणि काका सांगायला लागत. एखाद्याला रोजचं वर्तमानपत्र लागतं तसं काकूंना हे लागे. कुणाला नेलं, काय म्हणाले, बेकरीवाल्याचं मेव्हण्याशी मिटलं का, वाचनालयातल्या बाईंनी चष्मा बदलला का, भरती कुठवर आली होती. काका चुकले तर त्या दुरुस्त करत. “टपाल कचेरी औषधवाल्याच्या आधी येते. तुम्हीच सांगितलं होतंत.” आणि त्या बरोबर असत.

गंमत अशी, की काकूंनी तिथं पाऊल ठेवलं नव्हतं. पहिली आठ वर्षं सासूबाई अंथरुणाला खिळून होत्या, घर सोडता येत नव्हतं. पुढं काका म्हणाले, एक दिवस बघायला तरी चल. तर काकूंनी मान हलवली. “बघायला नाही यायचं मला. राहायलाच येईन. बघून परत यायचं म्हणजे दुकानात कापड हाताळायचं आणि ठेवून द्यायचं. मला नाही जमत ते.” काकांना त्या वेळी ह्या हट्टाचं कौतुक वाटलं. आपलीही एक दिवस तिथं खोली होईल, हे दोघांनी बोलून ठरवलं नव्हतं. ते दोघांच्या मनात आपोआप पक्कं होत गेलं. काकूंनी तर पडदेसुद्धा शिवून ठेवले होते. कंपनीच्या सगळ्या खिडक्या एका मापाच्या, ते माप काकांकडून घेऊन, फिकट निळ्या सुती कापडाचे दोन पडदे. ते ट्रंकेत होते. दर वर्षी एकदा काढून, उन्हात घालून, पुन्हा घडी करून ठेवले जात. एवढी हौस काकांनी दुसऱ्या कुणाची बघितली नव्हती.

मग दोन वर्षांपूर्वी काकूंना दम लागायला लागला. हृदयाची एक झडप नीट मिटत नव्हती. गोळ्या सुरू झाल्या. दोन घरं सोडून डॉक्टर राहत होते. एकदा पहाटे काकूंचा श्वास कोंडला तेव्हा ते पायात घरातल्या सपाता घालून तसेच धावत आले होते. तेव्हापासून काकू जिना टाळायच्या, ओझं टाळायच्या, यंत्र मात्र चालूच होतं. त्या घराबाहेर फारशा पडत नव्हत्या, त्यामुळे चालण्याचा प्रश्न काकांच्या डोक्यात कधी आलाच नाही.

काकांच्या निवृत्तीला महिना राहिला तेव्हा मोठ्या साहेबांच्या मुलीनं, जिला सगळे ताई म्हणत आणि जी आता कंपनी चालवत होती, त्यांना बोलावून घेतलं.

“काका, नव्या इमारतीत तळमजल्याचं मागचं घर सुटलंय. घेणारे मागं फिरले. ते मी तुमच्यासाठी धरून ठेवते. एक तारखेला मला हो की नाही सांगा. त्यापुढं मला थांबता येणार नाही.”

राहतं घर विकून आणि साठवलेलं घालून जमण्यासारखं होतं. ते हिशेब काकांनी केव्हाच करून ठेवले होते. त्या संध्याकाळी ते बसमधून उतरले आणि जवळजवळ पळत घरी गेले. काकूंनी सगळं ऐकलं, यंत्रावरून उठल्या, ट्रंक उघडली आणि पडदे पिशवीत भरले.

“आता राहायलाच जायचंय ना,” त्या म्हणाल्या, “मग बघते.”

रविवारी दोघं निघाले. काकूंनी नव्या चपला घातल्या होत्या. सव्वा तास त्या खिडकीशी बसून होत्या आणि काकांना एक शब्द बोलू देत नव्हत्या, कारण त्यांना ठिकाणं आपली आपण ओळखायची होती.

बसथांब्यावर उतरल्यावर काकांनी चूक केली. साधी चूक, पण एकतीस वर्षांच्या सवयीची. समोर रिक्षा उभी होती, आणि ते म्हणाले, “आधी घर नाही दाखवत मी कुणाला.”

“मी काय गिऱ्हाईक आहे का?” काकू म्हणाल्या. पण त्यांचा चेहरा फुलला होता. त्यांनाही तसंच हवं होतं, ऐकलं होतं त्याच क्रमानं.

दोघं चालायला लागले. विजेच्या खांबापाशी काकू थांबल्या आणि समोरच्या घराच्या खिडकीकडे बघून म्हणाल्या, “चुण्या चुकल्यात बघा त्या पडद्याच्या. एका बाजूला दाट, एका बाजूला विरळ.” काका हसले. पुढं एका फाटकाशी त्या पुन्हा थांबल्या. चपलेचा पट्टा टोचत होता. वाकून त्यांनी तो सैल केला, मग पुन्हा घट्ट केला. तिसऱ्यांदा त्या एका कुंपणावरच्या वेलाला हात लावून उभ्या राहिल्या आणि तो कसला आहे म्हणून विचारलं. काका सांगायला वळले आणि त्यांना काकूंचे ओठ दिसले. ते निळसर झाले होते. चुण्या, पट्टा, वेल; बाई दम खायला थांबत होती, आणि नवऱ्याला कळू नये म्हणून कारणं शोधत होती.

बेकरीच्या दाराला हात लागला तेव्हा काकांनी सवयीनं घड्याळ बघितलं. अकरा मिनिटं झाली होती.

बेकरीवाल्यानं लगबगीनं खुर्ची दिली. काकू बसल्या, श्वास सापडल्यावर म्हणाल्या, “साडेचारची दुसरी भट्टी अजून तुम्हीच काढता की मेव्हणा परत आला?” बेकरीवाला थक्क झाला. ह्या बाईला त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं. काकूंना मात्र सगळं ओळखीचं होतं. भिंतीवरचं थांबलेलं घड्याळ, फुटकी काचेची बरणी, सगळं. त्यांना इतका आनंद झाला होता की काकांना क्षणभर वाटलं, आहे की सगळं ठीक.

वाचनालयापर्यंत सव्वीस मिनिटं. तिथं त्या बराच वेळ बसल्या. कडक बाईंनी पाणी आणून दिलं. काकू हळूच काकांना म्हणाल्या, “चष्मा बदललाय हो. सोनेरी काडीचा आहे. तुम्ही सांगितलं नाहीत.” बाकीची ठिकाणं काकांनी गाळली. “आता फक्त समुद्र,” ते म्हणाले.

गल्लीत वारा लागला. लाटांचा आवाजही यायला लागला आणि काकूंनी काकांच्या दंडाला घट्ट धरलं. गल्लीच्या टोकाशी पायऱ्या होत्या. काकूंनी वर बघितलं.

“वर गेलं की लगेच दिसतो?”

“लगेच.”

“किती पायऱ्या आहेत?”

काकांना सांगता येईना. ज्या माणसानं एकतीस वर्षं तो रस्ता मिनिटामिनिटानं मोजला, त्याला पायऱ्या किती ते माहीत नव्हतं. दोन-दोन एकदम चढणाऱ्याला कशाला माहीत असणार? काकू सहा चढल्या आणि खाली बसल्या. मांडीवर पडद्यांची पिशवी, एक हात छातीवर. काका एक पायरी खाली उभे राहिले.

“मी उचलून नेतो.”

“मी काय कापडाचा गठ्ठा आहे? आणि आज न्याल. रोज न्याल का?” त्या दमानं थांबत थांबत बोलत होत्या. “तुम्ही वर जा. मोजत जा.”

काका मोजत वर गेले. तेवीस होत्या. बांधावर उभं राहून त्यांनी समुद्राकडे बघितलं, मग मागं वळून बायकोकडे बघितलं. ती सतरा पायऱ्या खाली बसून मान वर करून त्यांच्याकडे बघत होती. तिथून तिला फक्त तेच दिसत होते.

“सांगा,” काकू खालून म्हणाल्या.

आणि काकांनी सांगितलं. भरती आहे. पाणी काळ्या खडकापर्यंत आलंय. दोन होड्या आहेत, एकीचं शीड पांढरं, एकीचं विटकं. बाकावर कुणी नाही. समुद्राला पाठ करून ते खाली आले आणि तिच्या शेजारी बसून राहिले.

घराकडे ते रिक्षानं गेले. घर छान होतं, कोरं होतं, मागच्या अंगाला लिंबाचं एक झाड होतं. काकूंनी पिशवीतून पडदा काढून खिडकीला लावून बघितला. तो वीतभर लांब झाला. नव्या इमारतीच्या खिडक्या आखूड केल्या होत्या, हे सांगायचं काकांच्या लक्षातून निसटलं होतं. काकूंनी त्याची घडी केली. मग दारात उभ्या राहून विचारलं, “दवाखाना इथून नऊ मिनिटं ना?”

“नऊ.”

“तुमची.”

काकांना ती दिवस भरत आलेली बाई आठवली, आणि आपलं ते वाक्य. वीस वर्षांनी ते वाक्य त्यांच्या तोंडावर आपटलं. आपण कधी खोटं लिहिलं नाही, ह्याचा त्यांना अभिमान होता. आणि तो खोटा नव्हता. पण सगळा परिसर त्यांनी एका माणसाच्या पायांनी मोजला होता, आणि तो माणूस एकटा चालत होता.

पुढचे पंधरा दिवस काका हट्टाला पेटले. बेकरीवाल्यानं कायमची एक खुर्ची बाहेर ठेवायचं कबूल केलं. औषधवाल्यानं स्टूल द्यायचं म्हटलं. पायऱ्यांना कठडा बसवावा म्हणून काकांनी नगरपालिकेत अर्ज टाकला. जुन्या माहितीपत्रकाच्या पाठीवर त्यांनी नवं पान लिहिलं आणि काकूंसमोर ठेवलं. बेकरी अकरा मिनिटं, खुर्ची आहे. वाचनालय सव्वीस, आत बसता येतं. दवाखाना त्याच हिशेबानं चाळीस. समुद्र, आणि पुढं जागा कोरी.

काकूंनी ते नीट वाचलं. “खरं लिहिलंत. बरं केलंत.”

“रिक्षा असतात. डॉक्टरांना घरी बोलावता येतं.”

“इथं बोलवावं लागत नाही,” काकू म्हणाल्या. “इथं मी खिडकीत बसते आणि सगळं माझ्याकडे चालत येतं. भाजीवाली येते, डॉक्टर जाता-येता नाडी बघतात, सायकलवाल्याची बायको तासभर बसून जाते. तिथं मला सगळ्यांकडे चालत जावं लागेल. आणि मी नाही गेले, तर त्या छान घरात नुसती बसून राहीन. समुद्र चार मिनिटांवर असणार आणि मला रोज माहीत असणार, की तो चार मिनिटांवर आहे.”

“अजून तारीख आहे,” काका म्हणाले. त्या रात्री त्यांनी विषय वाढवला नाही, आणि काकूंनीही नाही.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी काकांनी कचेरीतलं टेबल रिकामं केलं, सगळ्यांचा निरोप घेतला आणि सहा-चाळीसची बस धरली. गल्लीत वळले आणि त्यांना लांबूनच दिसलं. सायकलवाल्याच्या भिंतीसमोरच्या खिडकीला फिकट निळे पडदे लागले होते. जवळ गेल्यावर दिसलं, खालचं वीतभरापेक्षा जास्त कापड कापून नवी पट्टी दुमडली होती. यंत्रावर निळा दोरा तसाच होता.

काकांना संताप आला. त्यांनी पिशवी जमिनीवर टाकली. “मला विचारायचं तरी. एकतीस वर्षं मी दुसऱ्यांना त्या बाकावर बसवतोय. दर वेळी तुला डोळ्यांसमोर आणून बसवतोय. कापताना तुझा हात कसा झाला?”

“नव्हता होत,” काकू म्हणाल्या. “सकाळपासून कात्री हातात घेऊन बसले होते. तुम्ही यायच्या आधी व्हायला हवं होतं, नाहीतर झालंच नसतं.” त्यांनी डोळे पुसले नाहीत, ते वाहू दिले. “मला हौस कमी होती का? मला अजूनही तिथंच राहायचंय. ते गेलेलं नाही, जाणारही नाही. मला फक्त तिथं पोचता येत नाही.”

काका तिच्यासमोर स्टुलावर बसले. संताप कुठं गेला ते त्यांनाच कळलं नाही. दोघांनी चहा घेतला.

एक तारखेला त्यांनी ताईंना नाही म्हणून सांगितलं, आणि एक मागणी केली. ‘जवळपास’च्या पानावर मिनिटांचे दोन रकाने करावेत, एक भरभर चालणाऱ्याचा, एक सावकाश चालणाऱ्याचा. ताईंनी काकांनी लिहून आणलेलं पान वाचलं.

“काका, दवाखाना चाळीस मिनिटं असं वाचून घर कोण घेईल?”

“ज्यानं घेऊ नये तो घेणार नाही,” काका म्हणाले.

दोन रकाने काही झाले नाहीत. धंदा आहे, ताईंचंही बरोबर. पण नव्या पुस्तकात समुद्रापुढं छापलं गेलं: चार मिनिटं, पायऱ्या तेवीस. एवढं ताईंनी केलं.

निवृत्तीनंतरच्या पहिल्या सोमवारी काका दिवसभर घरात होते. त्यांनी गॅसची नळी तपासली, दोनदा केर काढला, सायकलवाल्याशी बोलून आले आणि काकूंच्या सतत मध्ये मध्ये आले. संध्याकाळी चहा झाला. काकूंनी यंत्राचं चाक हातानं थांबवलं आणि म्हणाल्या, “हं. आज कुठं—” आणि जीभ चावली.

काका पडद्याकडे बघत होते. मग त्यांनी खुर्ची यंत्राजवळ ओढली.

“आज तुलाच न्यायचंय,” ते म्हणाले. “बसथांब्यावर उतरलो आपण. चल. समोर विजेचा खांब. मग ते फाटक, मग वेलाचं कुंपण, मग डावीकडे बेकरी—”

“अहो, हळू,” काकू म्हणाल्या. “मी खांबापाशीच आहे अजून.”

काका थांबले. खरोखर थांबले; तिचा श्वास ऐकत बसले, आणि तो सावकाश झाल्यावरच पुढं निघाले. त्या संध्याकाळी ते फाटकापर्यंतच गेले. काकूंनी चपलेचा पट्टा सैल केला आणि पुन्हा बांधला. दुसऱ्या दिवशी बेकरी आली, खुर्चीवर बसणं झालं, मेव्हण्याचा विषय निघाला. वाचनालयात त्यांनी दोन संध्याकाळी काढल्या. काकांना सांगायला नवं काही नव्हतं, म्हणून ते जुनंच पहिल्यांदा नीट बघायला लागले. गल्लीतल्या कुठल्या घराला पायरी आहे, कुठं भिंतीला टेकता येतं, सावली कुठं असते. आयुष्यात ते इतकं हळू कधी चालले नव्हते.

रविवारी पायऱ्या आल्या. काका एकेक मोजत होते. सहाव्या पायरीवर काकूंनी हात वर केला आणि दोघं थांबले. बाराव्या पायरीवर पुन्हा. अठराव्या पायरीवर काकूंनी गोळी घेतली, खरीच घेतली, वेळ झाली होती तिची. मग एकवीस. बावीस. तेवीस.

“आलं?” काकूंनी विचारलं.

“आलं.” त्यांनी श्वास घेतला आणि सवयीनं सुरू केलं, “भरती आहे, पाणी काळ्या खडका—”

“आता सांगू नका,” काकू म्हणाल्या. “बसा.”

काका बसले. त्यांची नजर आपोआप मनगटाकडे गेली. काकूंनी घड्याळावर हात ठेवला.

“आता कुठं बस गाठायचीये?”

समोर सायकलवाल्याची भिंत होती. काकूंनी निळा पडदा एका बाजूला सारला, आणि दोघं तिकडे बघत बसले.